फाईल कुठून आली?

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावरून लोणी-संगमनेरकडे, म्हणजे पुढे घोटीला जाणारा रस्ता फुटतो. त्या गर्दीत कुठेतरी झेरॉक्सच्या पाटीखाली दादा बसलेले असतात. असा दादा राहुरीला आहे, बाभळेश्वरला आहे, कुठल्याही एसटी स्टँडासमोर सापडेल. पाटीवर सातबारा, पॅनकार्ड, पीकविमा, लग्नपत्रिका अशी जंत्री असते. दादांची खरी विद्या मात्र पाटीवर नाही. न उघडणाऱ्या फायली ते उघडून देतात.

गिऱ्हाईक पेनड्राइव्ह पुढे करून म्हणतं, "उघडत नाय." दादा पेनड्राइव्हला हात लावत नाहीत.

"फाईल कुठून आली?"

"पोरानं पुण्याहून पाठवली."

"ते झालं. बनवली कशात? त्याचा मोबाइल कोणता?"

आयफोन म्हटलं की दादा डोळे मिटतात. "मग हेइक असणार." आयफोन २०१७पासून फोटो या नव्या रूपात साठवतो आणि दुकानातल्या जुन्या विंडोजला त्याची ओळखच नाही. दादा मुलालाच फोन लावतात, सेटिंग बदलायला लावतात, आणि तेवढ्यात तो लग्नाचा झालाय का हेही विचारून घेतात.

त्यांचा खरा राग नाव बदलणाऱ्यांवर. ऑनलाइन अर्जाला पीडीएफ लागते कळताच काही हुशार मुलं फोटोच्या नावातलं जेपीजी खोडून तिथे पीडीएफ लिहितात. "बारशाला विठ्ठल नाव ठेवलं म्हणून पोरगं विटेवर उभं राहत नाय," असं म्हणत दादा ती फाईल नोटपॅडमध्ये टाकतात आणि पहिली अक्षरं दाखवतात. खऱ्या पीडीएफच्या तोंडाशी टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. नव्या वर्डच्या फाईलीच्या तोंडाशी 'पीके'. ती फाईल आतून झिपच असते आणि झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं.

"कुठले हे?" एकांनी विचारलं.

"अमेरिकेचे."

"मग आमच्या ठरावाच्या फाईलीत त्यांचं नाव कशापायी?"

याचं उत्तर दादांकडेही नव्हतं.

पण दादा खुलतात ते आधारवर. डाउनलोड केलेल्या आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, सगळी कॅपिटल, आणि पुढे जन्मसाल. सांगायला एवढंच. एक मावशी आल्या, नाव शकुंतला.

"शकुंतलात एच आहे का?"

"मला काय ठावं बाबा?"

"बरं, जन्मसाल?"

"दुष्काळातली मी."

दादांनी १९७२ टाकलं. उघडेना. "मावशी, खरं साल नको, आधारवरचं सांगा."

मावशींना ते पटेना. जन्माची दोन सालं कशी असतील? मग शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं एक जून कसा लिहिला, वयात दोन वर्षं कशी मागंपुढं झाली, हा सगळा इतिहास निघाला. मागे रांग वाढली, पण रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. प्रत्येक जण मनात आपला एक जून तपासत होता. शेवटी १९७० आणि एच घालून फाईल उघडली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी दोन वर्षांनी मोठी झाले की रं!"

दादांचेही दोष आहेत. चहाची वेळ झाली की त्यांना प्रत्येक फाईल 'करप्ट' दिसते. अर्धवट उतरलेली फाईलही मग करप्ट. पुन्हा डाउनलोड करा, एवढं ते चहा पिऊन झाल्यावरच सांगतात. आणि श्रीलिपीतली जुनी पत्रिका कुणी आणली, की फॉन्टअभावी दिसणारी ती चिन्हांची रांगोळी ते आधी सगळ्या दुकानाला दाखवतात, मग फॉन्ट टाकतात. हे मला थोडं निर्दय वाटतं.

परवा दूधसंस्थेचे सेक्रेटरी ऑडिटची फाईल घेऊन आले. दादांनी या वेळी काहीच विचारलं नाही. चित्रावरचा छोटा बाण पाहिला, आकार पाहिला, एक केबी.

"सायेब, हा शॉर्टकट आहे. फाईल हापिसातल्या कॉम्प्युटरवरच राहिली, तुम्ही नुसता तिचा पत्ता घेऊन आलात."

"म्हणजे परत जायचं?"

"जायचं. वीस रुपये झाले."

"फाईल उघडली कुठं?"

"कुठं आहे ते तर सांगितलं ना!"

सेक्रेटरींनी वीस रुपये दिले आणि पावती मागितली. ऑडिटला लागते.