आजी पुढे, दाजी मागे

सांगलीकराला उंची कळते ती फुटांत, आणि तीही पाण्याची. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका आणि 57 म्हणजे 2019चा महापूर. साताऱ्याकडं कोयनेचे दरवाजे उचलले की आम्ही सांगलीत गाद्या माळ्यावर टाकतो. जमिनीची उंची मात्र आमच्या वाट्याला फारशी आलेली नाही. शहरात चढ म्हणून जो काही आहे तो रेल्वेच्या उड्डाणपुलाचा. तो चढून गेलं की मी उतरून पाणी पितो.

अशा गावात मी सायकलपटू झालो. विश्रामबाग ते मिरज, मिरजेत चहा, परत येताना भडंग. हेल्मेट आहे, डोळ्यांवर निळसर चष्मा आहे आणि बुडाशी गादी शिवलेली ती चड्डीही आहे. ती दोरीवर वाळत घालायला घरात कुणी तयार नसतं. सायकलीला 24 गिअर आहेत. सांगलीत त्यांतले तीन लागतात.

सासुरवाडी साताऱ्याची. तिथल्या एका बारशाच्या पंगतीत मी नागपूरच्या डॉ. अमित समर्थांची गोष्ट सांगत होतो. हा माणूस 2017 साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर एकट्यानं पार करून आला. सुमारे 4,800 किलोमीटर, तेही 12 दिवस पुरे व्हायच्या आत. सांगण्याच्या भरात ‘आम्ही सायकलवाले’ असं काहीतरी तोंडातून गेलं असावं. मेव्हणा जिलेबी वाढता वाढता म्हणाला, “दाजी, सपाटीला कोणबी चालवतंय. यवतेश्वर चढून दाखवा.” पंगत गप्प झाली. जावयाला पंगतीत नाही म्हणता येत नाही, ना जिलेबीला ना घाटाला.

सायकल गाडीच्या टपावर बांधून निघालो.  

साताऱ्यात समर्थ मंदिराजवळून कासचा रस्ता वर चढतो. पाच-सहा किलोमीटरचा घाट, वर यवतेश्वर, पुढं कास. पावसाळा संपत आला की साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी हजारो माणसं हाच घाट पळत चढतात. हे मला मेव्हण्यानं पहिल्या वळणावर सांगितलं. तो स्कूटरवरून माझ्या बाजूनं चालला होता. स्कूटरला एवढं हळू जाणं जमेना, म्हणून तो पुढं जाऊन कठड्यावर बसायचा आणि मी दिसलो की टाळ्या वाजवायचा.

आजी कुठून आल्या ते कळलं नाही. मान खाली घालून पॅडल मारत होतो, तर शेजारी नऊवारीचा काठ आणि रबरी चपला दिसल्या. डोक्यावर बोचकं, कमरेला विळा. सोमवार होता, यवतेश्वराला निघालेल्या.

“कुठनं आलास रं?”

“सांगली.”

“सायकलीवर?”

“नाही. सायकल. गाडीवर.” एका श्वासात मला एकच शब्द परवडत होता.

“आन् आता गाडी ठिवून सायकलीवर?”

“हो.”

“का रं बाबा?”

पुढं जावं म्हणून मी जोर लावला. दहा-बारा हात पुढं गेलो, तिथं दम लागला, तोवर आजी शेजारी आल्या. त्यांनी चाल वाढवलीही नव्हती. त्यात मोबाइलच्या अ‍ॅपमधली बाई दर मिनिटाला बोलायची, “राइड पॉज्ड.” माझा वेग इतका कमी होता की मी थांबलोय अशी तिची खात्री झाली होती. पुन्हा जोर लावला की “राइड रिझ्यूम्ड.” आजींनी दोनदा मागं वळून पाहिलं, कोण बोलतंय म्हणून.

हंगाम असल्यामुळं कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. सांगलीची नंबरप्लेट एमएच 10, साताऱ्याची 11, पुण्याची 12. घाटात हा क्रम बरोबर उलटा होतो. एका 12 नंबरच्या गाडीतून पोरांनी ओरडून विचारलं, “काका, धक्का देऊ का?” आणि खिडकीतून वेफर्सची पिशवी टाकली. काका म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. पिशवीचं वाटलं. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठारही जागतिक वारशात गेलं. त्याच पठारावरची बोटभर उंचीची फुलं बघायला निघालेली ही माणसं, घाटात कचरा टाकून जातात आणि वर गेल्यावर फोटोसाठी त्याच फुलांत लोळतात. शिवी द्यायची होती, पण श्वास नव्हता. आजींनी दिली. साताऱ्याची होती, भरघोस होती.

पुढच्या वळणाला चढ अंगावर आला आणि मी शेवटचा, सगळ्यात हलका गिअर टाकला. हा गिअर मी जन्मात कधी वापरला नव्हता. सांगलीत त्याची गरज काय? कडकड असा आवाज झाला. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून पलीकडं उडाली आणि चक्र नि आऱ्या यांच्या मधल्या फटीत जाऊन रुतली. पॅडल जागच्या जागी थिजलं. मी डाव्या बाजूला पडलो, सुदैवानं गवतात.

मागच्या डिरेलरला दोन बारके स्क्रू असतात, एकावर एच, दुसऱ्यावर एल. चेननं कुठल्या टोकाला कुठवर जायचं ते हे दोघं ठरवतात. माझा एल ढिला होता. कुणीतरी तो कधीकाळी ढिला सोडला असणार, आणि आमच्या गावच्या सपाटीनं ती गोष्ट झाकून ठेवली.

मेव्हणा आला. त्यानं चेन ओढली, मी ओढली, दोघांनी मिळून ओढली. हात काळे, कपाळ काळं, चेन तिथंच. खाली येणारा दूधवाला थांबला आणि “चेन तोडा” असं सांगून गेला. एका कुटुंबानं गाडी थांबवून आमचा फोटो काढला.

आजींनी बोचकं कठड्यावर ठेवलं. “सरका,” म्हणाल्या. एक हात हँडलच्या मध्यावर, दुसरा सीटखाली, असं धरून त्यांनी मागचं चाक अलगद उचललं. सायकल धरायची सवय असलेला माणूस धरतो तसं. मग ती मेव्हण्याकडं देऊन त्यांनी कमरेचा विळा काढला, टोक फटीत घातलं आणि एकेक कडी उचकत चेन वर आणली.

“आमचं मालक दूध घालायचं साताऱ्याला,” त्या म्हणाल्या. “ह्याच रस्त्यानं. सकाळी उतरायचं, दुपारी ढकलत वर. चढाला सायकलीवर बसल्यालं म्या कदी बगितलं न्हाई. उतरताना बरेक न्हवतं, तर मागं झाडाची फांदी बांधायचं. फरफटत यायची. लांबनं आवाज आला की कळायचं, निघालं.”

कुणी काही बोललं नाही. आजी विळा पदराला पुसत होत्या. मग त्यांनी माझ्या सायकलीचा ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला आणि मान हलवली.

“केवढ्याला घेतली?”

मी घरी सांगितलेली किंमत सांगितली. खरी तिच्यापेक्षा एका शून्यानं मोठी आहे. मेव्हणा खोकला.

“एवढ्यात शेरडू आलं आसतं,” आजी म्हणाल्या. खऱ्या किमतीत गोठा भरला असता.

तो गिअर सोडून देऊन उरलेला घाट चढलो. कसा, ते विचारू नका. आजी पुढं, मी मागं, “राइड पॉज्ड”. वर धुकं होतं. सगळा सातारा दिसतो म्हणतात ती जागा पांढरी होती. चहाच्या टपरीवर मोबाइलला रेंज नव्हती, माझ्या त्या चड्डीला खिसा नव्हता आणि मेव्हण्याचं पाकीट घरी होतं. आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडून तिघांच्या चहाचे पैसे दिले, आणि देवाला निघून गेल्या. स्कूटरवर सोडतो म्हटलं तर म्हणाल्या, “नगं, त्याला सोड खाली.”

कास पाहिलं. तेरडा होता, सोनकी होती, रांग होती.

परत रेंज आली तेव्हा मेव्हण्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘दाजींनी घाट सर केला.’ फोटोत आजी सायकल उचलून धरून उभ्या आहेत आणि मी कठड्यावर बसून पाणी पितोय. मिरजेच्या मावशींनी आजींचं अभिनंदन केलं होतं. काकांनी विचारलं होतं, सायकल झकास दिसते, केवढ्याला पडली? मेव्हण्यानं उत्तर दिलं होतं. अचूक, सगळ्या शून्यांसकट. त्याच्या मोबाइलवर त्या उत्तराखाली दोन निळ्या खुणा, आणि माझ्या मोबाइलवर सांगलीहून हिचे सात मिस्ड कॉल.