बस्त्याचा वाटाड्या

मुंबईत कोणती वस्तू कुठं मिळते हे मला विचारायचं, असा आमच्या नात्यागोत्यात दंडक आहे. तो घालणारा मीच. कराडकडचं कुठलंही लग्न असो, पंगत उठून पानसुपारी फिरायला लागली की मी सतरंजीवर मांडी ठोकतो आणि सुरू होतो. विजेचं सामान? लोहार चाळ. तांब्यापितळेची भांडी? तांबा काटा. लग्नपत्रिका? गिरगावात खाडिलकर रोड. खोटे दागिने भुलेश्वरला, चपला वांद्र्याला लिंकिंग रोडवर. कापड म्हणाल तर किरकोळीला मंगलदास मार्केट आणि ठोकला मूळजी जेठा. ऐकणारे माना डोलावतात. एखादा तर खिशातून डायरी काढून लिहून घेतो.

यांतल्या एकाही ठिकाणी मी कधी काही विकत घेतलेलं नाही. कुणी विचारत नाही, आणि आपणहून सांगावं इतका मी साधा नाही. माझी खरेदी म्हणजे रुमाल, मोजे आणि मोबाइलची वायर, तीही डोंबिवली स्टेशनच्या जिन्याखाली. कपडे बायको आणते. मी घालून आरशासमोर उभा राहिलो की म्हणते, "दुकानात बरा दिसत होता."

माहिती मात्र पक्की. हापिस फोर्टात, जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायची सवय, आणि जुन्या मुंबईवरची पुस्तकं वाचायचा नाद. त्यामुळे कुलाबा कॉजवे १८३८ साली पुरा झाला हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिथल्या फुटपाथवर कानातल्याचा जोड कितीला पडतो, ते मात्र जागेपणीही सांगता यायचं नाही.

अशात मावसभावाचा फोन आला. पोरीचं जमलं होतं. "बस्ता मुंबईलाच बांधायचा म्हणतायत सगळी. तू हायेस म्हणून." वास्तविक बस्ता कराडलाच बांधायचा असतो. सकाळी दहाला एका दुकानात गादीवर बसायचं, मालक चहा आणि भजी मागवतो, दुपारी तीनला गाठोडी बांधून घरी. पिढ्यानपिढ्या हे असंच चाललंय आणि त्यात माझी कुणालाही गरज पडलेली नाही. तेवढं फोनवर सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण जीभ माझी. ती म्हणाली, "या की! मी कशाला आहे?"

आली तिघं: मावशी, वहिनी आणि नवरी मुलगी. मावसभाऊ उसाला पाणी पाजायचं निमित्त सांगून मागे राहिला. तो लहानपणापासूनच हुशार. आमच्या हिला नेमकं त्याच दिवशी भिशीला जायचं होतं. निघताना चपला घालत ती म्हणाली, "अहो, आज रविवार आहे."

"म्हणूनच तर सुट्टी आहे," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. आमच्या घरात ती गप्प बसली की दोन दिवसांत त्याचा अर्थ कळतो. त्या दिवशी दोन तासांत कळला.

मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सीएसएमटीला उतरलो तेव्हा वहिनींच्या केसांतला गजरा दुसऱ्याच कुणाच्या तरी पर्सला लागून गेला होता. मी मात्र फॉर्मात होतो. स्टेशनाच्या घुमटाकडे बोट दाखवून फ्रेडरिक स्टीव्हन्सवर थोडं बोललो. पुढे क्रॉफर्ड मार्केटसमोर तर मला चेवच चढला. हे १८६९ सालचं, आराखडा विल्यम इमर्सनचा, नाव मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. आणि दारावरची ही शेतकऱ्यांची शिल्पं पाहिलीत? ही लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगचे वडील, ते पलीकडच्या जेजेमध्ये शिकवायला होते...

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "साड्या आत हायत का?"

"आत फळं असतात. सुका मेवा. पक्षीसुद्धा."

"मग फुडं चला की."

मावशी तेवढ्यात शिल्पांकडे डोळे बारीक करून बघत होती. "कापनी चाललीय वाटतं," म्हणाली. माझ्या व्याख्यानाला मिळालेली ही एकमेव दाद.

रस्ता ओलांडून मंगलदासशी आलो. एरवी इथं मुंगीला शिरायला वाव नसतो. छपराखालच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत रचलेले तागे, आणि डोक्यावर गठ्ठा घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत अंगावरून जातात. हे सगळं मी लोकलमध्ये रंगवून सांगितलं होतं. समोर होतं कुलूप. उजवीकडे कुलूप, डावीकडे कुलूप. एका हातगाडीवर दोघे हमाल आडवे झाले होते, त्यांतल्या एकानं तोंडावरचा पंचा बाजूला करून सांगितलं, "आज संडे."

"आज जरा बंद दिसतंय," मी म्हणालो.

"जरा?" वहिनी म्हणाल्या.

नवऱ्या मुलीनं मोबाइल काढला, दोनदा बोट फिरवलं आणि मला स्क्रीन दाखवली. मार्केट रविवारी बंद असतं असं त्यावर लिहिलेलं होतं. "काका, लिहिलंय की इथं." हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडी नाही असं मी एका लेखात म्हटलं होतं, ते आठवलं.

पण सेनापतीनं माघार घेतली तरी तिला डावपेच म्हणायचं असतं. मी लगेच जाहीर केलं की मोठी खरेदी संध्याकाळी, आधी मुलीसाठी हलकंफुलकं, आणि त्यासाठी फॅशन स्ट्रीट. आझाद मैदानाच्या कडेनं चालता चालता घासाघिशीचं शास्त्र समजावलं. दुकानदार सांगेल त्याच्या तिसऱ्या हिश्शानं सुरुवात करायची. मग चेहरा पाडायचा. मग पाठ फिरवून चालू लागायचं. दहाव्या पावलाला तो हाक मारतो. मारतोच.

पहिल्याच टपरीवर मुलीला एक निळी कुर्ती आवडली. दुकानदारानं आकडीच्या काठीनं ती वरून काढली आणि सातशे सांगितले. मी माझ्या खास हिंदीत म्हणालो, "ढाई सौ में देने का है तो देव." तो काही न बोलता कुर्ती काठीला लावून परत वर टांगायला लागला. मी चेहरा पाडला. पाठ फिरवली. दहा पावलं टाकली. वीस टाकली. पावलं लहान करून टाकली. एका पट्ट्याच्या दुकानाशी उगीच थांबून पट्टे बघितले. हाक नाही. असा चालत चालत मी फॅशन स्ट्रीटच्या टोकाला पोचलो. तिथं दुकानं संपतात आणि माणसाला स्वतःविषयी विचार करायला वेळ मिळतो.

वळसा घालून उलट्या दिशेनं परत आलो, जणू काही दुसराच कुणी गिऱ्हाईक आहे अशा चेहऱ्यानं, आणि त्याच कुर्तीकडे बोट दाखवून विचारलं, "ये कितने का?"

"सातशेच आहे, काका," तो मराठीत म्हणाला. "मघापासून."

सहाशे पन्नासला मिळाली. पन्नास रुपये सुटले म्हणून मी छाती काढून बघतो, तर तिघी तिथं नव्हत्या. पाच टपऱ्या पलीकडे मावशी एका स्टुलावर बसली होती, हातात दुकानदारानं मागवलेला चहा. तो पोरगा उत्तर प्रदेशातला. मावशीचं हिंदी माझ्याहून वाईट, पण तिनं त्याला गाव विचारलं होतं, आई हयात आहे का विचारलं होतं, आणि मग कुर्ती उलटी करून शिवणीवर नख ओढून दाखवलं होतं की टाका कच्चा आहे. तीन कुर्त्या हजाराला. त्यांतली एक निळी.

"मावशी, तुला हे कसं जमतं?"

"आरं, लालबागला अकरा वर्सं काढली न्हवं मी."

हे मला माहीत होतं. नव्हतं असं नाही. मावशीचे यजमान गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर बिऱ्हाड गावी गेलं. पण मुंबई दाखवायची तर ती आपण, गावाकडून आलेल्यांना, अशी माझ्या डोक्यात इतकी घट्ट बसकण होती की हिनं ती आधीच पाहिली असेल हे मनात आलंच नाही. क्रॉफर्ड मार्केटसमोर मी जिला १८६९ सांगत होतो, ती तिथून दिवाळीचा सुका मेवा नेत होती तेव्हा मी कराडला चड्डी सावरत होतो.

मुलीला मॉल बघायचा होता. मैत्रिणींना फोटो पाठवायचे होते, एवढाच हेतू, आणि तिनं तो लपवलाही नाही. चर्चगेटहून लोअर परळ. १९०५ सालच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज उंची मॉल आहे आणि गिरणीची चिमणी तेवढी उभी आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी चिमणीकडे बघून म्हणाली, "ह्यांची पाळी इथंच असायची. साचे खात्यात." मी तोंड मिटलं. दारावरच्या यंत्रातून तिची वायरची पिशवी गेली, तेव्हा पडद्यावर काय दिसलं देव जाणे, पण रखवालदारानं ती उघडायला लावली. भाकऱ्या, ठेचा, आणि कांदा. त्यानं पिशवी फार आदरानं परत केली.

आत एका झगमगीत दुकानात मुलगी लेहंगे बघू लागली. मी एका लेहंग्याची पट्टी उलटून पाहिली आणि विक्रेत्याला म्हणालो, "हा माल-नंबर झाला. किंमत कुठंय?" तो तरुण क्षणभर गोंधळला, मग हळूच इंग्रजीत म्हणाला की हीच किंमत. सहा आकडी होती. मी पट्टी पुन्हा जशीच्या तशी आत सारली, भांड्यावर झाकण ठेवावं तशी.

मावशीला त्यानं काचेच्या पेल्यात पाणी दिलं आणि काही मदत हवी का विचारलं. "ही धर," म्हणत तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि लेहंग्याचा घेर उलटा केला. मग तो बिचारा काळ्या सुटात, दोन्ही हातांत ठेच्याची पिशवी धरून उभा, आणि मावशी त्याला शिकवतेय: अस्तर कुठं आखूड पडलंय, काठाशी कापड किती दाबलंय, पुढं ढिलं करायला जागाच कशी ठेवली नाही. सगळं संपल्यावर तो तिला दारापर्यंत पोचवायला आला. मला कुणी पोचवलं नाही.

"चला आता दादरला," मावशी म्हणाली. मला विचारलं नाही, सांगितलं.

दादरच्या त्या दुकानात बस्ता बांधला गेला, आणि तो कसा बांधतात हे मी तिथं पाहिलं. गादीच्या कडेला चपला काढून तिघी बसल्या. दुकानदारानं पहिल्या दहा साड्या टाकल्या. मावशीनं त्यांना हातही लावला नाही. त्या गिऱ्हाईक जोखायला असतात म्हणे. अकरावीला तिनं पदर उलटा केला, मागून सुटलेले धागे बघितले, काठ दोन बोटांत धरून चुरगाळला, सोडला आणि घडी मोडते की राहते ते पाहिलं. ब्लाउजचं कापड साडीतच आहे की वेगळं, त्याचा पन्ना किती, हे विचारून घेतलं. मग वहिनींनी यादी काढली. नवरीचा शालू, सासूची साडी, करवल्या, आत्या, मानाच्या, आणि "कुणी ऐन वेळी आलं तर" अशा चार. भाव एकदाच बोलले गेले, तेही शेवटी, अख्ख्या ढिगाचे मिळून. तिसरा हिस्सा नाही, पाडलेला चेहरा नाही. मी मधेच "ही जरी खरी आहे का?" असं काहीतरी विचारलं. दुकानदार फार सज्जन. म्हणाला, "साहेब, तुम्ही बाहेर बसा ना. तिथं पंखा चांगला आहे." बाहेर खुर्च्यांवर आणखी दोन साहेब बसलेलेच होते. त्यांनी सरकून जागा दिली.

रात्री निघताना मावशीला माझी दया आली असावी. "टावेल-टोप्या ऱ्हायल्या," ती म्हणाली. "तेवढ्या तू आन. तुझं हापिस तिकडंच हाय."

म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा मंगलदासकडे. उघडं होतं! हमालानं माझ्या कानाशी "बाजू" म्हटलं तेव्हा भरून आलं. मागच्या एका गल्लीत टोप्यांचं दुकान गाठलं, आवाज भारदस्त केला आणि मानपानाच्या पांढऱ्या टोप्या डझनाच्या भावात मागितल्या. दुकानदारानं वहीतून मान वर न करता विचारलं, "नंबर?"

मी माझा मोबाइल नंबर दिला.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, तो नंबर बिलावर लिहून घेतला आणि हाताशी आला तो गठ्ठा बांधून दिला. टोप्यांना इंचात नंबर असतो आणि तो डोक्याच्या घेरावरून ठरतो, हे मला लग्नात समजलं. सगळ्या एकवीस नंबर. आणि आमचे व्याही, त्यांचे भाऊ, चुलते, मामे ही सगळी वारणाकाठची तालमीतली माणसं. टोप्या डोक्यात जाईनात, नुसत्या टेकून राहिल्या. मंगलाष्टकांत प्रत्येकजण एका हातानं टोपी धरून दुसऱ्या हातानं अक्षता टाकत होता. वहिनी माझ्याकडे बघायचं टाळत होत्या, आमची ही टाळत नव्हती.

पंगत उठल्यावर व्याही माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसले. टोपी काढून त्यांनी ती दोन्ही बाजूंनी निरखली, मग माझ्या डोक्याकडे बघितलं.

"का ओ पाव्हणं," ते म्हणाले, "मुंबईत डोकी येवढीच असत्यात काय?"