सुनेचा पॅच

"अगं, इकडे ये, पेढा घे. सुनेचा पॅच गेला!"

"कुठे गेला, काकू?"

"लिनक्समध्ये. तिच्या लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की माइक मुका व्हायचा. पठ्ठीनं चार ओळी बदलल्या नि दिल्या पाठवून. आता तसला लॅपटॉप जगात कुणाकडेही असो, माइक चालणार."

"बरंय की. पैसे किती मिळाले?"

"छदाम नाही."

"आणि वर पेढे तुम्हीच वाटताय?"

काकूंना एवढं निमित्त पुरतं. निवृत्तीनंतर त्यांनी सुनेच्या धंद्यातली माहिती अशी काही जमवली आहे की लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स त्यांच्या लेखी घरचाच झाला आहे.

"मूळचा हेलसिंकीचा. १९६९चा जन्म. फिनलंडात राहून घरी स्वीडिश बोलणारी मंडळी ती. आईबाप दोघंही पत्रकार. बाप तरुणपणी कट्टर कम्युनिस्ट, मॉस्कोत राहून आलेला, आणि म्हातारपणी युरोपियन पार्लमेंटचा खासदार! पोराला खरं वळण लावलं ते आजोबांनी, आईच्या वडिलांनी. विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी कमोडोर व्हीआयसी-२० कॉम्प्युटर घेतला आणि नातवाला मांडीवर बसवून टायपिंगला लावलं. दहा-अकरा वर्षांचं पोर ते."

"लग्न?"

"सांगते ना. विद्यापीठात हा पोरांना शिकवायचा. गृहपाठ काय दिला, तर मला एक ईमेल पाठवा. बाकीच्यांनी एखादी ओळ खरडली असेल. एका मुलीनं सरळ लिहिलं, माझ्याबरोबर बाहेर येतोस का? झालं! टोव्हे तिचं नाव. कराटेत सहा वेळा फिनलंडची चॅम्पियन. तीन मुली आहेत."

"म्हणजे घरात त्याचं काही चालत नसणार."

"बाहेर चालायचं की! पण आधी ऐक. १९९१च्या जानेवारीत यानं हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला. तेव्हा मिनिक्स नावाची शिकवण्यासाठीची एक संगणक-प्रणाली होती, टॅनेनबाम नावाच्या प्राध्यापकांची. तिच्यात मन रमेना, म्हणून स्वतःचीच लिहायला घेतली. ऑगस्टमध्ये लोकांना कळवलं, छंद म्हणून करतोय, मोठंबिठं काही नाही. लोक पैसे देऊ लागले तर म्हणाला, पैसे नकोत, पोस्टकार्ड पाठवा. घरी देशोदेशीची पोस्टकार्डं! त्याच्या बहिणीला तेव्हा कळलं, आपला भाऊ खोलीत बसून काहीतरी करतोय."

१९९२ साली त्यानं लिनक्स जीपीएल नावाच्या परवान्याखाली आणलं. म्हणजे कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा. पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर आतला कोडही द्यायचा. हे मला काकूंपेक्षा त्यांच्या सुनेनंच नीट समजावलं होतं. तुमच्या-माझ्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी तेच लिनक्स आहे. आणि नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत दुसरं काही उरलेलंच नाही.

"मग एवढं करून तो फुकटच राबतो?"

"छे गं! लिनक्स फाउंडेशन पगार देतं त्याला. आणि बाकी काम करणारेही बहुतेक कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. हिच्यासारखे हौशी थोडे."

"पण तोंडाचा फटकळ आहे म्हणे."

"फटकळ? शिवराळ म्हण! २०१२च्या डिसेंबरात त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बदलानं लोकांचे आवाजाचे प्रोग्रॅम बिघडले. तो म्हणाला, चूक त्या प्रोग्रॅमची आहे. लिनसनं चारचौघांत त्याला असं झाडलं की मला ते वाचून दाखवताना सून मधली वाक्यं गाळत होती." काकूंनी आवाज खाली आणला. "पण मुद्दा बरोबर होता गं. पालिकेनं पाइप बदलला आणि तुझ्या घरातली तोटी बसेना, तर दोष तोटीचा का? लोकांचं चालू असलेलं बंद पाडायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. आतलं काय हवं ते बदला."

"नियम सोन्यासारखा आहे, काकू. पण तो सांगायला शिव्या कशाला लागतात?"

मला हे शिव्या देणं मुळीच पटत नाही. हुशार माणसाचा उर्मटपणा आपण फार लवकर पोटात घालतो. त्याच्या शिव्यांच्या धाकानं किती जण पॅच न पाठवताच बसले असतील, त्याची नोंद कुठल्या वहीत असणार? अखेर २०१८च्या सप्टेंबरात त्यानं स्वतःच माफी मागितली, काही आठवडे काम बाजूला ठेवलं आणि ऑक्टोबरात परतला. काकूंच्या मते ही कराटेची करामत. पुरावा त्यांच्याकडे नाही.

इतक्यात सून चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"आई, लिनसनं माझा पॅच पाहिलाही नसेल. आवाजाच्या विभागाचा प्रमुख वेगळा असतो. तो तपासतो, सगळ्यांचे बदल एकत्र करून वर पाठवतो, मग लिनस ते आत घेतो. आणि पहिल्यांदा तर मला परतच आला होता."

"कोड चुकला?" मी विचारलं.

"नाही. कारण नीट लिहिलं नव्हतं. काय बदललं ते दिसतंच, का बदललं ते लिही, म्हणाले. चार ओळींच्या बदलावर मोठा परिच्छेद लिहिला तेव्हा कुठे घेतला. आता गिटमध्ये कायमचा."

गिटही लिनसचंच. २००५ साली बदलांची नोंद ठेवणाऱ्या आधीच्या साधनाची फुकट सोय बंद झाली, तेव्हा एप्रिलमध्ये थोड्या दिवसांत यानं स्वतःचं लिहिलं, आणि जुलैत ते जुनिओ हामानो नावाच्या माणसाच्या हाती सोपवून हा मोकळा! जन्माला घातलेली गोष्ट अशी दुसऱ्याला देऊन टाकणं मला तरी शिव्यांपेक्षा लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. कुठली ओळ कुणी, कधी, का बदलली, ते सगळं गिटमध्ये राहतं.

"म्हणजे नावही राहणार?" काकूंनी विचारलं.

"हो. शेवटी साइन्ड-ऑफ-बाय लिहून नाव घालावंच लागतं. हे मी लिहिलंय आणि द्यायचा हक्क मला आहे, असं त्यात कबूल करायचं असतं."

"आडनाव कुठलं लावलंस?"

"माहेरचं."

काकूंनी कुंपणावरचा पेढ्यांचा डबा मिटला. "आता ते बदलता येत नाही ना?"

"नाही, आई."

"बरं," काकू म्हणाल्या, "पुढच्या पॅचचं काय ते मग बघू."