दहा गाड्यांचा मालक आणि एका पिकअपचा

मिरचीच्या हंगामात भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत पिकअप बंद पडणं म्हणजे काय, ते मिरचीवाल्यालाच विचारा. हिरवी मिरची तोडली की थांबत नाही. पोत्यात भरली, गाडी वेळेवर लागली नाही, की आतून उबायला लागते आणि व्यापारी पोत्यात हात घालूनच भाव पाडतो. अशा वेळी इंजिन बसलं तर मालकाला एकच कळतं, गाडी लवकरात लवकर रस्त्यावर आली पाहिजे. त्या घाईत कायदा त्याला आठवत नाही. आणि कायदा लिहिणाऱ्यांना हा मालक आठवला नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण सगळं तिथूनच बिघडतं. तेल खाणारं, निळा धूर मारणारं इंजिन उघडलं की फिटर आधी बोअर बघतो. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग, हेडचं काम आणि मजुरी धरली की पिकअपचं बिल तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या घरात जातं. किती, ते आत काय काय फुटलंय त्यावर. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर दुरुस्तीचा विषयच संपला. मग कंपनीचं नवं इंजिन, आणि तो आकडा लाखांत. 22 सप्टेंबर 2025 पासून इंजिन आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. ज्या गाडीचे हप्तेच अजून फिटलेले नाहीत, तिच्यात पुन्हा लाखांनी कोण ओतणार? म्हणून माणूस तिसऱ्या वाटेला लागतो. अपघातात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन घेतो. पैसे रोख, हमी तोंडी आणि बिल नाही.

बिल नाही, इथेच तो अडकतो.

इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. पासिंगला गेलात की ग्रीस डिझेलच्या फडक्यानं पुसायचं, त्यावर कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. नंबर कागदावर उमटतो. ती छाप आणि आरसी बुकावरचा नंबर जुळला पाहिजे. यातून एक साधी गोष्ट निघते, जी गॅरेजात कुणी सांगत नाही. ब्लॉक तोच राहिला तर आत पिस्टनपासून हेडपर्यंत सगळं नवं घाला, नंबर बदलत नाही आणि परवानगीही लागत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. आरसी बुकात लिहिलेली गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 हेच सांगतं. नोंदणीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात ते आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ आणलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायला वाट आहे, पण ती परिवहन कार्यालयातून जाते. अर्ज, आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल आणि गाडीवर बोजा असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती. वेगळ्या मेकचं, जास्त ताकदीचं इंजिन बसवून ‘गाडी ओढते मस्त’ म्हणणाऱ्यांनी तर नादच सोडावा. शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन लावून पळवलेल्या जुगाडालासुद्धा 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहनच ठरवलं, म्हणजे नोंदणी आणि विम्याशिवाय तेही रस्त्यावर नको. सीएनजीकडे वळायचं असेल तर तो रस्ता कायद्यानं उघडा ठेवलाय, मात्र किट मंजुरी मिळालेलं हवं आणि आरसीवर इंधनाची नोंद हवी.

नियम उगाच नाही, हे मी मनापासून मान्य करतो. चोरीची गाडी सुटी करून विकतात तेव्हा सगळ्यात महाग भाग इंजिनच असतो. बिनबिलाचं इंजिन घेणाऱ्याला ते कुणाच्या अंगणातून उचललंय हे माहीत नसतं, आणि पोलिसांनी नंबर तपासला की आधी त्यालाच बोलावतात. विम्याचंही तेच. पॉलिसीवर जुना नंबर, गाडीत नवा, आणि अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या भरपाईचा दावा तिथेच अडतो. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग आहे. लपवणार किती दिवस?

पण कलम 52 च्या मूळ रूपात एक सवलत होती. ज्याच्या मालकीची किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत, त्याला राज्य सरकार अशी मुभा देऊ शकत होतं की, त्याच मेकचं आणि प्रकारचं इंजिन आधी बसव, परवानगीची वाट बघू नकोस, चौदा दिवसांत कळव. म्हणजे गाडी उभी राहिली की धंदा बुडतो, हे सरकारला 1988 मध्येच ठाऊक होतं. फक्त ते दहा गाड्यांच्या मालकाचं ठाऊक होतं. ज्याची एक उभी राहिली तरी नऊ पळतात, त्याला सवलत. ज्याची एकच आहे आणि तीच उभी आहे, त्यानं आधी अर्ज करायचा! 2019 च्या दुरुस्तीनं ते पोटकलम काढून तिथे अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी गाडीत केलेले बदल आणले, आणि त्यांना मंजुरी नंतर घेण्याची सोय दिली. उत्तम केलं. पण एका गाडीवर पोट असलेला माणूस तेव्हाही बाहेर होता आणि आजही बाहेरच आहे.

त्याचा अर्ज जायचा कुठे? जालन्याला. एमएच 21 चं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय तिथे आहे, भोकरदन ओलांडून. बंद गाडीचा मालक बसनं हेलपाटे घालतो. पहिल्यांदा कागद कमी पडतो, दुसऱ्यांदा साहेब नसतात, मग एजंट भेटतो. तोवर मिरचीचा तोडा दुसऱ्याच्या गाडीत, भाडं देऊन गेलेला असतो. कायदा पाळण्याची ही किंमत कुठल्याही फीच्या पावतीवर दिसत नाही, आणि ती चुकवायलाच माणूस बिनबिलाच्या इंजिनाकडे जातो. चोरांचा बाजार रोखायला केलेला नियम असा गिऱ्हाइकाला त्याच बाजारात ढकलतो.

माझी मागणी छोटी आहे. एकाच व्यावसायिक गाडीच्या मालकाला, त्याच मेकच्या आणि त्याच प्रकारच्या इंजिनासाठी, बसवल्यापासून चौदा दिवसांत कळवण्याची मुभा द्या. अट कडक ठेवा. जीएसटीचं बिल असलंच पाहिजे, आणि विक्रीआधी त्या इंजिनाचा नंबर चोरीच्या नोंदींशी ताडून बघितलेला पाहिजे. तपासणी भोकरदनला शिबिर लावून करा, जालन्याला बोलावू नका. यात कुणाच्या सुरक्षिततेला धक्का नाही. जो आज लपवतो तो उद्या स्वतःहून नंबर लिहून देईल.

हे होईपर्यंत, ज्याची गाडी आज गॅरेजात उघडी पडली आहे त्यानं ब्लॉक वाचतो का ते आधी विचारावं. वाचत नसेल तर इंजिन बिलावरच घ्यावं, बसवण्याआधी परवानगीचा अर्ज टाकून त्याची पोच ठेवावी, विमा कंपनीला लेखी कळवावं. आणि जुना ब्लॉक भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या नंबराची पेन्सिलची छाप आणि फोटो काढून, भंगाराची पावती मागून घ्यावी. जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्या भंगारावरच चालतात. ब्लॉक तिथे वितळला की तो तुमचाच होता हे सांगायला हातात पावतीशिवाय काही राहत नाही.