सात रेस्टॉरंटं आणि मेथीचा थेपला

मुलुंडचा माणूस बेटावर सुट्टीला जातो, तेव्हा तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सगळं साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. १७३७ साली मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतलं, १७७४ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलं आणि त्यानंतर ते बिल्डरांनी घेतलं. चहूकडे पाणी आहे, पण खिडकीतून समोरच्या विंगचं वाळत घातलेलं धुणंच दिसतं. म्हणून बेट बघायला माणसं कॅरेबियनला निघतात.

घाटकोपर पूर्वेच्या आमच्या सोसायटीतून यंदा दोन कुटुंबं निघाली. सेक्रेटरींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याचा हा सोहळा. आधी बार्बाडोसला ऑल-इन्क्लुसिव्ह रिसॉर्ट, मग दोन दिवस त्रिनिदाद. त्रिनिदादचा हट्ट सेक्रेटरींच्या थोरल्या भावाचा. काकांना पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बघायचं होतं. तिथेच १९७१ साली गावसकर पहिल्यांदा कसोटी खेळला आणि वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. गावसकरच्या ७७४ आणि सरदेसाईच्या ६४२ धावा काकांना भावंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. मराठी माणूस कॅरेबियनचा नकाशा असा स्कोअरकार्डावरूनच शिकलेला असतो. किंग्स्टन, ब्रिजटाऊन, जॉर्जटाऊन सगळं ठाऊक. तिथे दुपारी काय जेवतात, हे कुठल्याच स्कोअरकार्डात नव्हतं.

पेपरात लिहितो म्हणजे याला सगळं कळत असणार, या समजुतीने मलाही ग्रुपवर घेतलं. विमान ठरायला एक संध्याकाळ लागली, हॉटेल ठरायला दुसरी. लाखांचा खर्च बिनबोभाट मंजूर झाला. मग सेक्रेटरीवहिनींनी लिहिलं, ‘पण जेवायचं कुठे?’ आणि पुढचे तीन आठवडे ग्रुपला झोप नव्हती.

अटी बघा. सेक्रेटरींच्या विहीणबाई जैन, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही. काकू मासे खातात, पण काटा नको, डोळा नको आणि वास नको. नातू फक्त पांढरा पास्ता खातो. सूनबाईंचं ग्लुटेन बंद आहे, पाणीपुरीचा अपवाद सोडून. सेक्रेटरींना सगळं चालतं, पण ‘सगळ्यांना चालेल असं’ चालतं. आणि काकांची संकष्टी नेमकी प्रवासात. चंद्रोदय तिथला धरायचा की घाटकोपरचा? यावर एक अख्खी रात्र गेली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. घाटकोपरला रात्री साडेनऊला चंद्र उगवला, तर तिथे दुपारचे बारा. म्हणजे घरचं पंचांग पाळलं तर उपास दुपारच्या जेवणालाच सुटतो. काकांनी त्या दिवसापुरतं घाटकोपरचं नागरिकत्व राखायचं ठरवलं.

रिसॉर्टच्या माहितीपत्रकात सात रेस्टॉरंटं होती. इटालियन, फ्रेंच, जपानी, स्टेकवालं, समुद्राच्या पाण्यात खांब रोवून बांधलेलं, एक नुसतंच ‘एशियन’, आणि सातवं बुफे. जमैकात सँडल्स या साखळीचं पहिलं रिसॉर्ट १९८१ साली उघडलं, तेव्हापासून त्या समुद्रात ही पद्धत चांगलीच रुजली: खोली, खाणं, पिणं सगळ्याचे पैसे आधीच भरायचे आणि पाकिटाला कुलूप लावायचं. घाटकोपरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. अनलिमिटेड थाळीवर वाढलेला माणूस आहे तो. दोन पुरणपोळ्या पोटात गेल्यावर तिसरी पैसे वसूल करायला खायची, हे त्याला शाळेच्या आधी शिकवलेलं असतं.

गोम इथेच आहे. पैसे आधी भरले, म्हणजे फाटकाबाहेर खाल्लेला प्रत्येक घास तोट्याचा. शुक्रवारी रात्री बार्बाडोसच्या ऑइस्टिन्स गावात मासळीची जत्रा भरते. किनाऱ्यालगत टपऱ्या, बाकडी, मोठ्याने गाणी, निखाऱ्यांवर ताजा मासा. अख्खं बेट तिथे येतं. मी ग्रुपवर सुचवलं. सेक्रेटरींचं उत्तर आलं, ‘त्या रात्रीचं आतलं जेवण बुडेल त्याचं काय?’ काकूंचं उत्तर आलं, ‘वास.’

आत मिळतं ते तरी कुठून येतं? कॅरेबियन बेटं खाण्यापिण्याच्या बाबतीत आयातीवर जगतात. तिथल्या देशांच्या कॅरिकॉम संघटनेने २०२५ पर्यंत आयातीचं बिल पंचवीस टक्क्यांनी खाली आणायचा संकल्प सोडला होता. मुदत आता २०३० वर गेली आहे. म्हणजे इटालियनचा टोमॅटो, फ्रेंचचं चीज आणि स्टेकवाल्याचं मांस बहुधा एकाच बोटीने येऊन एकाच शीतगृहात उतरतं, आणि दिवे, टेबलक्लॉथ, वेटरचा कोट बदलून सात नावांनी वाढलं जातं. शिवाय चांगल्या चार ठिकाणी आधी नंबर लावावा लागतो आणि संध्याकाळी पुरुषांना लांब पँट सक्तीची. सेक्रेटरींनी इर्ल्याहून खास आणलेल्या फुलाफुलांच्या सहा बर्म्युडा सूर्यास्तानंतर बाद. फ्रेंच रेस्टॉरंटच्या दारातून परत फिरले तेव्हा, वहिनी सांगत होत्या, त्यांचा चेहरा पास नसताना टीसीने पकडल्यासारखा झाला होता.

तर सातपैकी जेवले कुठे? रोज बुफेत. यात बुफेचा काही पराक्रम नाही. दहा माणसं बाहेर जेवायला निघाली, की सगळ्यांत भित्र्या जिभेच्या हाती नकाराधिकार जातो. नऊजणांना मासा चालतो, एकाला त्याचा वास चालत नाही. दहाही जण पनीर खातात. वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत हे खपून जातं, कारण तिथे एका तव्यावर चीज डोसा आणि शेजारच्या तव्यावर साधा जैन डोसा निघतो. पण चौदा हजार किलोमीटर उडून जाऊन तोच नियम लावला, की जगातली सगळी बेटं शेवटी मसूरडाळीचं सूप आणि उकडलेल्या भाज्यांच्या काउंटरवर येऊन ठेपतात. सोबत डब्यातला मेथीचा थेपला. थेपल्याबद्दल माझा काही आक्षेप नाही. तो दहा दिवस टिकतो, तक्रार करत नाही आणि कस्टमवाल्यांनाही आवडतो. आक्षेप हा, की तो एवढा प्रवास करून जिथे उतरला, तिथे फाटकाबाहेर त्याची सख्खी भावंडं उभी होती आणि कुणी ओळख करून दिली नाही.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून दोनशेच्या वर माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी संपली होती, उसाचे मळे संपले नव्हते. म्हणून करारावर मजूर आणले. पुढची सत्तरेक वर्षं ते येत राहिले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांनी तिथे काय केलं? तवा ठेवला. आज त्रिनिदादमध्ये दालपुरी रोटी मिळते. आत वाटलेली डाळ नि जिरं, कडेला रस्सा. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर जे उरेल ते. साहीना मिळतो. अळूची पानं आणि डाळीचं पीठ, वळकटी करून तळलेली. ही अळूवडी नव्हे, असं कोकणातल्या एकाही आजीने म्हणून दाखवावं.

आणि ‘डबल्स’. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाऊनमध्ये निघालेला पदार्थ, आता त्या देशाचा सकाळचा नाश्ता. हळदीच्या पिवळ्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मधे रसदार चणे, वर चिंचेची चटणी, काकडी आणि एक मिरची, जिच्यापुढे लवंगी म्हणजे बडीशेप. विक्रेता एका हाताने पुऱ्या पसरतो, दुसऱ्याने चणे ओततो, तिखट थोडं की जास्त एवढंच विचारतो, आणि तेलकट कागदाची दोन्ही टोकं पिळून पुडी हातात देतो. खाणारा उभाच असतो, कोपरं अंगापासून लांब धरून, शर्टावर रस गळू नये म्हणून. कांदा टाळता येतो का विचारावं लागेल, पण मांसमच्छी नाही, स्वस्त आहे, गरम आहे, आणि रांगेत टॅक्सीवाला, वकील, शाळेची पोरं सगळे एकत्र. आमच्या मंडळींच्या दोन दिवसांच्या मुक्कामात डबल्सची एक गाडी हॉटेलच्या कोपऱ्यावरच होती. सेक्रेटरींनी लांबूनच निकाल दिला, ‘छोले-पुरी खायला एवढं लांब आलोय का?’ आणि आत जाऊन पास्ता मागवला. काका मात्र ओव्हल बघून परतताना तिथे थांबले. तीन खाल्ले. फोनवर मला हे त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं, कारण दिवस संकष्टीचा होता आणि घाटकोपरला चंद्र उगवायला अजून दोन तास होते.

बार्बाडोसचं राष्ट्रीय जेवण म्हणजे उडता मासा आणि कू-कू. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. भेंडीची चिकटी ही ज्यांच्या घरी भांडणाची बाब असते, त्यांनी एकदा तो खाऊन बघावा. त्या माणसांनी चिकटीचं सोनं केलंय. आणि रिसॉर्टच्या बारमध्ये पेल्यासोबत जे कुरकुरीत काप येतात ते ब्रेडफ्रूटचे. हे झाड बाउंटीच्या बंडाने गाजलेल्या कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात नेलं. मळ्यांतल्या गुलामांची पोटं स्वस्तात भरावीत म्हणून. मालवणात हाच नीरफणस रव्यात घोळवून तव्यावर परततात. सूनबाईंनी त्या कापांचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘एक्झॉटिक!’ त्यांचं माहेर कणकवलीचं.

मालदीवला फाटकाच्या आत जेवायचं की बाहेर हा वाद तरी होत नाही, कारण तिथे फाटकच नाही. १९७२ साली पहिलं रिसॉर्ट निघाल्यापासून तिथला रिवाज साधारण एक बेट, एक रिसॉर्ट असा. जेवणाचा प्लॅन चुकला तर पोहत दुसरीकडे जायचं. वर १७ टक्के पर्यटन जीएसटी आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज. २०२४च्या जानेवारीत आपल्या लोकांनी मालदीववर बहिष्कार टाकला, तेव्हा ग्रुपवर तिरंगे फडकले होते. आता पुन्हा चौकशा सुरू आहेत.

या सगळ्या मंडळींपैकी एकाने तरी साष्टीचं जेवण जेवलंय का, हा प्रश्न मी ग्रुपवर टाकून बघितला. कुणाला कळला नाही. बोरिवलीला गोराईच्या जेट्टीवरून लाँच सुटते, खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. मार्व्याहून मनोरीला तशीच. माणसं पलीकडे जातात ती पॅगोडा बघायला. एस्सेलवर्ल्ड होतं तोवर पाळण्यात बसायला. तिथली ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची, घरं उन्हाळ्यात बॉटल मसाला कुटतात. वीसेक जिन्नस भाजून, कुटून, गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे, की वर्षभराची बेगमी. त्या मसाल्याची कोंबडीची खुडी, सोबत नारळाच्या रसातले गोलमटोल तळलेले फुगे. सणासुदीला सरपतेल. मरोळ, आंबोली, आय. सी. कॉलनीत ही माणसं आपल्या शेजारी राहतात. त्यांचं जेवण मिळणाऱ्या खानावळी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या, कारण उपनगराने कधी मागितलंच नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सीफूड फेस्टिवल भरतो तेव्हा गर्दी उसळते. एरवी रविवारी रात्री तीच गर्दी अंधेरीत टोकन हातात धरून फुटपाथवर चाळीस मिनिटं उभी असते. आत जाऊन पनीर चिली मागवते.

मंडळी परत आली. विहीणबाईंचं वजन दोन किलोने उतरलं, सेक्रेटरींचं तीनने वाढलं, बर्म्युडा आता स्टिल्टमध्ये गाडी धुताना दिसतात. पुढच्या वर्षीच्या बेटासाठी ग्रुपवर मतदान चालू आहे. अंदमान, मालदीव, मॉरिशस, हाफ बोर्ड, फुल बोर्ड. मी खाली ‘गोराई’ असं लिहून स्वतःचं मत दिलं. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकांनी तेवढा गुपचूप अंगठा दाखवला. मग वहिनींनी विचारलं, ‘तिथे जैन मिळतं का?’