मायक्रॉनकाका

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावर उभं राहून मेट्रोच्या कामाकडे बघणारे बहुतेक लोक मनात एकच विचारतात, ‘हे कधी होणार?’ मायक्रॉनकाका गर्डरचा जोड बघतात. एवढ्या खालून, कपाळावर हात धरून, आणि मग मान हलवतात. ती मान होकारार्थी हललेली आजवर कुणी पाहिलेली नाही.

हे कुणी एक गृहस्थ नव्हेत. कोलशेत रोडच्या कुठल्याही टॉवरात असे काका एखादे तरी असतातच. वय सत्तरीचं, हाफ शर्ट, खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. जिथे तीस वर्षं भोंग्याच्या तालावर कार्ड पंच केलं तिथे आता सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे. काका काठावर उभे राहून म्हणतात, “इथे आमची टूलरूम होती,” आणि पोहणारं पोर दचकून पाय जवळ घेतं. 1962 साली यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली, ती हकिगत काका स्वतःच्या बारशासारखी सांगतात.

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. काकांना त्याहून बारीक फरक खुपतो. ‘चालेल’ हा शब्द त्यांच्या कोशात शिवीच्या पानावर आहे. सुतार म्हणाला, दरवाजा चालेल. काका म्हणाले, “चालेल कशाला? दरवाजाने बसावं.”

आमच्या टॉवरातले काका सध्या दर रविवारी सकाळी गावठाणातल्या एका गाळ्यात असतात. गाळा एका फॅब्रिकेशनवाल्या आगरी तरुणाचा. एरवी ग्रिल आणि गेट होतात. भंगारातून उचललेला एक लेथ कोपऱ्यात होता, तो काकांनी महिनाभर खपून जिवंत केला. तेव्हापासून ज्याला शिकायचं त्याने रविवारी यावं अशी पद्धत पडली. इंजिनीअरिंगची मुलं येतात, टेबल स्वतः बनवण्याची हौस आलेला आयटीवाला येतो, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई कुंड्यांच्या स्टँडसाठी येतात. काका सगळ्यांना फुकट शिकवतात. अट एकच, त्यांचा पाना मागायचा नाही. अख्खी विद्या घेऊन जा, तेरा-चौदाचा पाना जागेवर ठेव.

शिकवणीची सुरुवात कानशीने होते. लोखंडाचा चौकोनी तुकडा, कानस आणि गुण्या. घासा. आयटीवाल्याने तिसऱ्या रविवारी विचारलं, “काका, मशीन कधी?” काकांनी गुण्या तुकड्यावर टेकवून उजेडाकडे धरला. फटीतून एवढा उजेड आला की आयटीवाला आपण होऊन पुन्हा घासायला लागला.

लेथवर मात्र काकांची थट्टा बंद होते. हातमोजे काढ, बाही दुमड, साखळी उतरव. फिरत्या जॉबने मोजा पकडला तर तो हात सोडत नाही. चकची चावी चकमध्ये विसरून मशीन सुरू केलं तर ती कुठे उडेल सांगता येत नाही. म्हणून चावी कुणी तशीच ठेवली की काका मेन स्विचवर हात ठेवून गप्प उभे राहतात. ती शांतता ओरडण्यापेक्षा वाईट.

वेल्डिंगला काका कारागिरीत धरत नव्हते. टर्नरचा वेल्डरबद्दल हा जुना आकस आहे. त्यांच्या लेखी ते डिंकाने चिकटवण्याचं काम. पण गाळेवाल्याने दहा नंबरचा रॉड होल्डरला लावला, दोन टाके मारले आणि अशी एकसारखी शिवण ओढली की काका वाकले. “आयटीआय कुठलं?” “आयटीआय नाय काका. बापाच्या हाताखाली.” आर्क बरोबर लागला की कसा आवाज येतो ते त्याने पोरांना सांगितलं, “पापलेट तव्याव टाकल्यासारका.” शाकाहारी काकांनी पुढच्या तुकडीसाठी त्याची भजी केली.

“काका, काच धरा डोल्यांपुढं,” तो सांगत होता. काकांनी ‘क्षणभरच’ उघड्या डोळ्यांनी बघितलं. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहावं लागलं. सोमवारी खाली आले तेव्हा म्हणाले, सर्दी आहे.

इंजिनीअरिंगच्या मुलींपैकी एक पाबळच्या विज्ञान आश्रमात राहून आलेली. डॉ. श्रीनाथ कालबागांनी 1983 साली सुरू केलेल्या त्या आश्रमात खेड्यातली मुलं हातांनी काम करत शिकतात, 2002 साली तिथे फॅब लॅबही आली, हे ती उत्साहाने सांगत होती. मला आपलं वाटत होतं, काका भारावतील. काकांनी विचारलं, “लेथ कुठल्या मेकचा?”

काकांची सर्वांत खाजगी वस्तू म्हणजे व्हर्नियर. लाकडी पेटी, आत मखमल, तेलाचा हात फिरवलेला. त्याला कुणी बोट लावत नाही. जॉब झाला की काका स्वतः जबडे टेकवतात, आणि मग ते यंत्र शिकणाऱ्याच्या नाकासमोर धरतात. “वाच. येतं का बघू.” दर वेळी परीक्षा! किती कडक मास्तर, असं मी पाच-सहा रविवार समजत होतो. मग लक्षात आलं, आकडा ते कधीच आधी सांगत नाहीत, आणि पेटी उघडायच्या आधी चष्मा दोनदा पुसतात.

गेल्या रविवारी पाबळवालीने 25 मिलिमीटरचा बुश काढला. काकांनी जबडे टेकवले. “वाच.”

तिने वाचलं. मग काकांकडे बघितलं. मग हळूच त्यांच्या हातातून व्हर्नियर घेतला, दिव्याखाली नेला, पुन्हा वाचला. गाळ्यात सगळे थांबले. बँकवाल्या बाईंनी तर स्टँड खाली ठेवला.

“24.98, काका. वीस मायक्रॉन कमी.”

काकांनी पेटी मिटली. व्हर्नियर अजून तिच्याच हातात होता.

“चालेल,” ते म्हणाले.