जातीवर ‘महत्त्वाचा’ भयपट कसा काढावा

2017 साली जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ आला. वर्णद्वेषावरच्या या भयपटाच्या पटकथेला पुढे ऑस्करही मिळाले. पील यांनी त्यासाठी पात्रांवर मेहनत घेतली होती. ती आपल्याला परवडत नाही. सातारा-सांगली भागात जमेल अशी सोपी रीत खाली दिली आहे.

1. स्थळ : वाई गाठा. जवळच्या मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा ‘स्वदेस’ चित्रपटापासून जगाच्या ओळखीचा आहे. धुके नसेल तर धूर सोडा. वाडा दिसला की अन्याय झालाच असणार, हे प्रेक्षक धरून चालतो. कोणी, कुणावर, कशासाठी, या फंदात पडू नका.

2. पात्रे : पीडित, पाटील, म्हातारी आणि पुण्याहून आलेली पत्रकार एवढी पुरतात. पीडिताला आवडनिवड, राग, थट्टामस्करी यांतले काही देऊ नका. त्याने खिडकीबाहेर बघत राहावे. पाटलाला मिशी द्या. स्वभावाची गरज उरत नाही.

3. भीती : विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले. त्या वळणाच्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत येत. तुम्हीही तेच करा, फक्त डॉल्बीत. त्या आरोळीला सामाजिक भाष्य म्हणायचे तेवढे राहून गेले होते. ते तुम्ही म्हणा.

4. खऱ्या घटना : कटाक्षाने टाळा, विशेषतः मसूर स्टेशन. 1901 साली नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाले, ते मसूरला उतरले. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला : बैल पोरांनी हाकायचे, गाडीवाल्याने शेजारून पायी चालायचे. रात्री टोलनाक्यावर जेवण सोबत होते, पण पाणी मिळाले नाही.

यात भूत नाही आणि माणसे भलतीच भरीव आहेत. पैसे दुप्पट हवेत, पण लहान पोरांशेजारी बसायला भितो, असा गाडीवान पडद्यावर आला तर प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटेल. त्याच्या जागी उलट्या पायांची हडळ घ्या. हडळीत कुणाला आपला चुलता दिसत नाही.

5. प्रसिद्धी : पोस्टरवर ‘सत्य घटनांवरून प्रेरित’ छापा. कोणत्या, असे कुणी विचारले तर ‘समाजाला आरसा’ म्हणा. परीक्षणात ‘धाडसी’ हा शब्द आला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे महोत्सवातल्या टाळ्या करतात.

6. तक्रार निवारण : साताऱ्यातला एखादा प्रेक्षक बाहेर पडताना म्हणेल, “भ्या कुठं वाटलं?” त्याला विषयाचे गांभीर्य कळत नाही, असे जाहीर करा. तो पीडिताच्याच वस्तीतला निघाला, तर दुसऱ्या भागात त्याला एक संवाद देण्याचे कबूल करून टाका.